गिरणगावातील चाळींच्या वह्या : एक दुर्लक्षित साधन

आपल्या संशोधकवर्गाचा व्यासंग बहुधा वतनदारांची दप्तरे, देवस्थानांच्या सनदा आणि पंडितघराण्यांतील पोथ्या यांभोवती चालत आला आहे. ज्यांच्या घरी दप्तर ठेवावयास फडताळही नव्हते, त्यांच्यामागे लिखित साधन राहिलेच नसणार, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. मुंबईच्या गिरणगावापुरता तरी तो निराधार आहे, हे बालपणीच्या आठवणी व त्यांस पुष्टी देणाऱ्या वह्या यांच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापिली व १८५६ साली ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसतशी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इकडील माणसे मुंबईस लोटली. १९२० साली निघालेल्या सरकारी डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेका चाळीस तळमजला धरून चार मजले व ८० खोल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. डिलाइल रोडवरील, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावरील, अशाच एका चाळीत माझे बालपण गेले.

वडील साचेखात्यात होते. साचा हा शब्द मुशीच्या अर्थाने जुनाच. गिरणगावाने तो मागास लावला. खोलीत आम्ही पाच जण, शिवाय गावाकडील दोन भाऊबंद. रात्रपाळीचा मनुष्य परते, तेव्हा दिवसपाळीस गेलेल्याची वळकटी त्याच्यासाठी मोकळी असे. आम्ही मुले गॅलरीत दिव्याखाली अभ्यास करीत असू व तेथेच निजत असू. मजल्यावरील प्रत्येक पुरुष काका वा मामा आणि प्रत्येक स्त्री मावशी वा काकी; यांपैकी कोणासही आम्हांस रागावण्याचा अधिकार होता. भोंगा हेच सर्वांचे घड्याळ.

या जीवनात लेखनाचे तीन प्रकार नित्य चालत. पहिला गावमंडळाची वही. एका गावचे लोक मिळून वर्गणी काढीत; तीतून गावच्या देवळाची डागडुजी, शाळेस मदत व मुंबईत कोणी वारल्यास त्याचा अंत्यविधी होई. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा एका वहीत आरंभीची पाने मोडीत असून पुढील बालबोधीत आहेत. दुसरा प्रकार भजनी मंडळाच्या बाडांचा. त्यांत अभंग गातानाच्या उच्चाराप्रमाणे उतरले असल्याने बोलीच्या अभ्यासकास ती शुद्ध प्रतींहून अधिक उपयोगी पडतील.

तिसरा प्रकार खानावळीच्या वहीचा, व तो सर्वांत मोलाचा. माझी आई घरीच खानावळ चालवी. जेवणाऱ्यांस ‘मेंबर’ म्हणत. ज्या वेळी मेंबर जेवावयास येत नसे, तो त्याचा ‘खाडा’. महिनाअखेर खाडे वजा करून हिशेब होई. आईस अक्षरओळख नव्हती. ती सांगे व मी लिही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला व सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, त्या वेळी तिच्या वहीत अकरा नावे होती. दिवाळीपर्यंत आठ नावांपुढे ‘गावी’ एवढाच शब्द आला. त्याआधी कित्येक महिने प्रत्येक नावाखाली बाकी वाढत गेलेली दिसते; जेवण मात्र बंद केल्याची नोंद एकही नाही. ती बाकी कधी वसूल झाली नाही.

संपाचा इतिहास लिहिताना पुढारी, मालक व सरकार यांचे कागद पाहिले जातात. तो संप इतका काळ कोणाच्या चुलीवर तगला, याचा पुरावा मात्र अशा वह्यांतच आहे. स्मृती वयाबरोबर गोड होत जाते. आकडे तसे होत नाहीत. म्हणून आठवणींबरोबर वही हवी.

या चाळींचा पुनर्विकास आता सुरू झाला आहे. घर बदलताना पत्र्याच्या ट्रंका उघडतात आणि जुन्या वह्या रद्दीत जातात. संग्राहकांस विनंती अशी की, पोथी मिळविण्यासाठी आपण जितके पायपीट करतो, तितकेच या जिन्यांवरही चढावे. वही मिळाल्यास चाळ, गाव, लेखनिक व वर्ष यांची नोंद त्याच वेळी करावी. कारण ते सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. कुटुंबास मूळ वही द्यावयाची नसेल, तर छायाप्रत घेऊन ती आदरपूर्वक परत करावी.