लढाईच्या काळातला लोकरीचा भाव

मेंढपाळ बंधूंनो, दूरच्या लढाईने लोकरीचा बाजार कसा उलटापालटा होतो, ते ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातून पाहू या.

पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या कपड्यांना लोकर हवी होती, पण ती न्यायला जहाजे पुरत नव्हती. १९१६ मध्ये ब्रिटिश सरकारने ऑस्ट्रेलियाची सगळी लोकर पौंडाला (सुमारे ४५० ग्रॅम) सरासरी साडेपंधरा पेन्स दराने घ्यायचे ठरवले. लिलाव बंद पडले. जाणकार माणसे प्रत्येकाचा माल पाहून प्रत ठरवीत, आणि प्रतीप्रमाणे पैसे मिळत. म्हणजे सरासरी भाव बांधलेला, तरी चांगल्या मालाला दाम जास्तच! १९२० मध्ये ही खरेदी थांबली, तेव्हा लाखो गाठी पडून होत्या. त्या खपेपर्यंत १९२४ उजाडले.

१९३९ मध्ये पुन्हा तसाच करार झाला. १९४२ पासून तर जमीन विकायलाही सरकारची परवानगी लागू लागली, किमतीवरही बंधन आले.

पुढे १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. त्या हंगामात पौंडाला सरासरी १४४ पेन्स मिळाले. पुढच्याच हंगामात भाव निम्म्यावर आला. अशा तेजीत कर्ज काढून जमीन किंवा धंदा घेतला, तर भाव उतरतो, कर्ज मात्र उतरत नाही.

तेव्हा एवढे कराच: कातरलेली लोकर काळी-पांढरी वेगळी ठेवा, काटे-कचरा वेचा, वजन डोळ्यांदेखत करून पावती घ्या. आणि एका हंगामाच्या तेजीवर जमिनीचा सौदा करू नका.