गड्ड्यावरचं गुलाबी पिल्लू

सोलापूरच्या गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेतून, मी लहानपणी गुलाबी रंगवलेलं एक पिल्लू विकत आणलं होतं. आजीनं ते हातात घेऊन पाहिलं. "ह्यो कोंबडाच निघंल. तलंग असती तर इकली असती व्हय?" तिचा हिशेब मला कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

आजीच्या खुराड्यात सगळं एकत्र होतं. पाच-सहा कोंबड्या, एक कोंबडा. कोंबडी खुडूक झाली की आजी डालग्यात भुस्सा घालून तिच्याखाली अंडी ठेवायची आणि त्यांवर कोळशानं खूण करायची. मागाहून पडलेलं ताजं अंडं त्यात मिसळू नये म्हणून. एकविसाव्या दिवशी पिलं. माळकरी आजोबा कुठल्याच अंड्याला शिवत नसत. अंड्यात जीव असतो म्हणायचे, आणि त्या खुराड्यापुरतं त्यांचं बरोबरही होतं.

1942 साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणतात की कोंबड्यापासून दूर ठेवलेली कोंबडीही अंडी देते आणि त्या अंड्यातून पिल्लू होत नाही. मग दूध चालणाऱ्याला असं अंडं चालायला हरकत नसावी. पंगतीतला एवढा जुना वाद त्यांनी खुराड्यात एक भिंत घालून सोडवला.

ती भिंत मोठ्या प्रमाणावर बांधली ती पोल्ट्रीवाल्यांनी, आणि ती अहिंसेसाठी नव्हती. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. त्यांच्याच पुढाकारानं 1982 मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. आता अंडी देणारी कोंबडी पिंजऱ्यात असते. कोंबडा तिच्या दृष्टीसही पडत नाही, कारण अंडं घालायला तो लागतच नाही. तो नुसता दाणा खाणार. जातवान पैदाशीचा कळप वेगळ्याच ठिकाणी असतो. तिथं साधारण दहा माद्यांमागं एक नर, खाली तुसाचा थर, अंड्यांसाठी खोकी. आत जाणाऱ्या माणसाला आधी आंघोळ करून कपडे बदलावे लागतात. पुलोरमसारखा रोग आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिलात उतरतो. खुराड्यात तो एका घराचं नुकसान करतो, हॅचरीतून मात्र गावोगाव जातो. एवढी शिवाशिव पाळण्यामागचं खरं कारण हे.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. ज्या पोराला घरी डाळही पातळ मिळते, त्याला ते अंडं हवं होतं. पण त्या वादात 'हे अंडं निर्जीव आहे' असं कुणी ठासून सांगितलं की माझं मन भिंतीपलीकडं जातं. पिंजऱ्यातली कोंबडी कुठून तरी जन्मावी लागते. हॅचरीत तिच्यासोबत जवळपास तितकेच नर जन्मतात. ते अंडी देत नाहीत, आणि या जातीला मांसही फारसं धरत नाही. बहुतेकांना पहिल्याच दिवशी मारून टाकतात. काही रंगवून यात्रेत येतात.

माझं पिल्लू जगलं. रंग उतरून पांढरं झालं, आणि एका पहाटे आरवलं. आजोबांनी त्याच्यापुढं मूठभर ज्वारी टाकली.