मधल्या वर्गाचं इंजिन

२८ जानेवारी २०२४ रोजी म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. म्हाळुंगे हे मूळचं मुळशी तालुक्यातलं गाव, २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलेलं. क्रीडानगरी उभी राहिली ती १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. त्या मैदानात माती टाकून उड्यांचे उंचवटे रचले गेले आणि चार गटांच्या शर्यती झाल्या: ४५० सीसी आंतरराष्ट्रीय, २५० सीसी आंतरराष्ट्रीय, २५० सीसी भारत-आशिया मिश्र आणि ८५ सीसी कनिष्ठ. यातली विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे अडीचशेचा आकडा दोनदा येतो. मोटारसायकल शर्यतीत वर्ग पाडायचे ते इंजिनाच्या क्षमतेवरून, ही पद्धत शंभर वर्षांच्या आसपास जुनी. मग एकाच क्षमतेच्या गाड्यांचे दोन गट का करावे लागले? वरवर पाहता उत्तर सोपं आहे: युरोप-अमेरिकेच्या व्यावसायिक रायडरपुढे आपल्याकडचे रायडर टिकले नसते. पण या उत्तरात एक मोठी कबुली दडलेली आहे. इंजिन सारखं केलं म्हणजे चुरस होते, हा समज अडीचशेच्या, म्हणजे मधल्या वर्गाच्या इतिहासात फारसा टिकलेला नाही. तिथे चुरस झाली ती दोन कारणांनी: चांगलं इंजिन पैसे मोजून कुणालाही विकत मिळू लागलं म्हणून, आणि जिंकणाऱ्याला वरच्या वर्गात जावं लागलं म्हणून. हे म्हणणं तपासायचं तर जरा मागे जायला हवं.

रस्त्यावरच्या शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदाची मालिका १९४९ मध्ये सुरू झाली तेव्हा एकट्या रायडरच्या गाड्यांचे चार वर्ग होते: ५००, ३५०, २५० आणि १२५. नियम जवळपास एकच, सिलिंडरांची एकूण क्षमता ठरलेल्या आकड्याच्या आत हवी. साधा आणि न्याय्य वाटणारा हा नियम होता, पण पैसेवाल्या कारखान्याला त्यात मोकळं रान मिळालं. क्षमता तेवढीच ठेवून सिलिंडर वाढवले की प्रत्येक पिस्टन लहान आणि हलका होतो, इंजिन जास्त फेरे घेतं आणि ताकद वाढते. होंडाने अडीचशे सीसीत सहा सिलिंडर बसवले. आरसी१६६ नावाच्या त्या गाडीवर माइक हेलवूडने १९६६ आणि १९६७ ची अजिंक्यपदं घेतली. समोर यामाहाची चार सिलिंडरची टू-स्ट्रोक होती. यंत्रविद्या म्हणून या गाड्या अप्रतिमच. पण स्वतःच्या खर्चाने शर्यतीत उतरणाऱ्या रायडरला त्या स्वप्नातही मिळणार नव्हत्या. १९६७ नंतर होंडाने अंग काढून घेतलं आणि १९७० पासून अडीचशेच्या वर्गात जास्तीत जास्त दोन सिलिंडर आणि सहा गिअर एवढीच मुभा राहिली. यामाहाकडे दोन सिलिंडरची शर्यतीची गाडी विक्रीला होतीच, त्यामुळे ग्रिडवरचं चित्र लगेच पालटलं. १९७१ मध्ये फिल रीडने कारखान्याच्या आधाराशिवाय, विकत मिळणाऱ्या यामाहावर स्वतःचे फेरफार करून अजिंक्यपद जिंकलं. १९७३ मध्ये आलेल्या टीझेड२५० ने पुढे कित्येक वर्षं खासगी रायडरांना उभं केलं. त्या नियमाने सगळ्यांच्या गाड्या सारख्या केल्या नव्हत्या. साध्या बनावटीची, विकत घेता येणारी गाडी पुढच्या रांगेत येऊ शकेल, एवढंच त्याने साधलं होतं, आणि चुरशीला तेवढं पुरलं.

पुण्याशी या इतिहासाचा धागा जुळतो तो कावासाकीमुळे. १९७८ ते १९८१ अशी सलग चार वर्षं अडीचशेचं अजिंक्यपद कावासाकी केआर२५० ने जिंकलं, आधी दोनदा कॉर्क बॅलिंग्टनने आणि मग दोनदा आंटोन मांगने. १९८२ संपताना कंपनी त्या वर्गातून बाहेर पडली, आणि त्याच वर्षी ३५० चा वर्गही बंद झाला. काही वर्षांतच आकुर्डीच्या बजाज ऑटोशी कावासाकीचा तांत्रिक करार झाला आणि १९८६ मध्ये केबी१०० ही टू-स्ट्रोक गाडी आली. यामाहाच्या आरएक्स१०० बरोबर तिने त्या काळच्या तरुणांना टू-स्ट्रोकचा पिकअप म्हणजे काय ते शिकवलं. आपल्याकडच्या मातीच्या शर्यती पुढे बराच काळ याच पिढीच्या गाड्यांवर चालल्या. कुठल्याही गॅरेजात उघडता येणारं इंजिन आणि बाजारात मिळणारे सुटे भाग, या बळावर शहरोशहरीचे ट्यूनर तयार झाले. म्हणजे जे युरोपात टीझेड२५० ने केलं, तेच लहान प्रमाणावर इथे रस्त्यावरच्या गाडीने केलं.

क्षमतेचा आकडा किती फसवा असू शकतो, याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र मातीवरच्या मोटोक्रॉसमध्ये सापडतो. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा ताकद देतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा. त्यावरून अमेरिकेतल्या नियमकर्त्यांनी फोर-स्ट्रोकला जवळपास दुप्पट क्षमतेची सवलत दिली. कागदावर हिशोब बरोबर होता, आणि तेव्हाचे फोर-स्ट्रोक इतके जड होते की ही सवलत म्हणजे कुणाला दानच वाटलं असावं. यामाहाने ती नीट वाचली. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉस शर्यतीत डग हेन्रीने वायझेडएम४००एफ या प्रायोगिक फोर-स्ट्रोकवर अडीचशेच्या टू-स्ट्रोकना हरवलं. १९९८ मध्ये विक्रीला आलेल्या वायझेड४००एफ वर त्याने अमेरिकेचं राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळवलं. २००१ मध्ये वायझेड२५०एफ आली, ती १२५ सीसी टू-स्ट्रोकशी लढायला. दर फेऱ्याच्या हिशोबात दोन्ही इंजिनं तुल्यबळ होती, पण मातीत महत्त्व असतं ताकद कशी हाती येते याला. टू-स्ट्रोकची ताकद वरच्या फेऱ्यांत एकदम उसळते आणि रायडरला क्लच-गिअरची कसरत करत तिथेच राहावं लागतं. फोर-स्ट्रोक खालपासून ओढतो, मागचं चाक कमी घसरतं आणि वळणातून बाहेर पडताना चूक झाली तरी सावरून घेतो. चार-पाच वर्षांत १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक वरच्या पातळीवरून जवळजवळ नाहीशा झाल्या. जागतिक मोटोक्रॉसमधला १२५ चा वर्ग २००४ मध्ये एमएक्स२ झाला आणि अडीचशेचा फोर-स्ट्रोक हीच मधल्या वर्गाची ओळख बनली. म्हाळुंग्यात धावलेल्या अडीचशेच्या गाड्या याच निर्णयाची संतती आहेत.

या बदलाने एक किंमतही वसूल केली. टू-स्ट्रोकचा पिस्टन रायडर घरच्या घरी बदलू शकत होता. नव्या इंजिनात व्हॉल्व्ह, कॅम आणि पुढे इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा आला, त्यामुळे देखभाल महागली आणि कसबी हातांची गरज वाढली. चुरस वाढवण्यासाठी दिलेल्या सवलतीने वर्गात शिरण्याचा खर्चच वाढवून ठेवला. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, म्हणूनच या प्रसंगातून शिकण्यासारखं जास्त आहे.

रस्त्यावरच्या शर्यतीत प्रवास वेगळ्या दिशेने झाला. अडीचशे टू-स्ट्रोकचा वर्ग २००९ मध्ये हिरोशी आओयामाच्या विजेतेपदाबरोबर संपला. शेवटच्या काळात जिंकण्याजोग्या गाड्या कारखान्यांकडून भाड्याने घ्याव्या लागत, आणि कुणाला कोणती गाडी द्यायची हे कारखाना ठरवी. २०१० मध्ये त्या जागी मोटो२ आला: होंडाच्या सीबीआर६००आरआर वरून घेतलेलं ६०० सीसीचं चार सिलिंडर इंजिन, सर्वांना एकच, सीलबंद. चासी मात्र ज्याची त्याने आणायची. पहिल्याच वर्षी ग्रिडवर चाळीसच्या आसपास गाड्या होत्या आणि टोनी एलिआस मोरिवाकी चासीवर जिंकला. २०१९ पासून इंजिन ट्रायम्फचं, तीन सिलिंडरचं, ७६५ सीसीचं. हीच ट्रायम्फ आता बजाजच्या भागीदारीत आपल्या ४०० सीसीच्या गाड्या चाकणला बनवते.

इथे एक आक्षेप रास्तपणे येतो. इंजिन एकच ठेवूनही २०१३ ते २०२३ अशी अकरा वर्षं अजिंक्यवीर कालेक्स या एकाच जर्मन चासीवर बसलेला होता. ही मालिका २०२४ मध्ये आय ओगुराने बॉस्कोस्कुरो चासीवर तोडली. मग समान इंजिनाने साधलं काय? मक्तेदारी इंजिनातून निघाली आणि चासीत जाऊन बसली, एवढंच ना? माझ्या मते या दोन मक्तेदाऱ्यांत फरक आहे. भाड्याची गाडी कारखाना निवडक रायडरला देई. कालेक्स पैसे मोजणाऱ्या कोणत्याही संघाला मिळत होती, आणि म्हणूनच ग्रिडचा मोठा भाग तिच्यावर होता. सगळ्यांकडे एकच चासी आहे म्हटल्यावर तिचं जिंकणं ही चासीची बढाई राहत नाही, निवाडा रायडरवर येतो. फ्रान्चेस्को बान्यायाचं उदाहरण घ्या, त्यात पुण्याचाही संबंध आहे. महिंद्राने पुण्याच्या कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय २००८ मध्ये घेतला आणि २०११ पासून जागतिक मालिकेच्या सर्वांत लहान वर्गात स्वतःची गाडी उतरवली. २०१२ पासून तो वर्ग मोटो३ झाला: २५० सीसी, एक सिलिंडर, सिलिंडरचा व्यास जास्तीत जास्त ८१ मिलिमीटर, फेऱ्यांवर मर्यादा. होंडा आणि केटीएमपुढे महिंद्राला पहिला विजय मिळायला २०१६ उजाडलं. तो आसेनला बान्यायाने मिळवून दिला. २०१७ मध्ये तो मोटो२ मध्ये गेला, इंजिन इतर सर्वांचं तेच त्याचंही झालं, आणि दुसऱ्याच वर्षी तो अजिंक्य ठरला. पुढे सर्वांत वरच्या वर्गाची, मोटोजीपीची, २०२२ आणि २०२३ ची अजिंक्यपदंही त्याचीच. मधल्या वर्गाचं काम हेच आहे, खालच्या वर्गात गाडीमागे झाकला गेलेला रायडर ओळखून वर पाठवणं.

दुसरा आक्षेप पुण्यासारख्या इंजिनं घडवणाऱ्या जिल्ह्यातून येणं स्वाभाविक आहे. सीलबंद इंजिनाच्या वर्गात इंजिनियर काय शिकणार? महिंद्राला मोटो३ मध्ये जे शिकायला मिळालं ते मोटो२ च्या नियमांत शक्यच नव्हतं. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. इंजिनाची स्पर्धा कुठेतरी मोकळी असायला हवी, आणि ती लहान क्षमतेत तुलनेने स्वस्तात होते. तरीही महिंद्राने २०१७ अखेर मोटो३ सोडलं, हेही विसरता येत नाही. मधल्या वर्गातही तीच मोकळीक ठेवली तर चार कारखान्यांसाठी चाळीस रायडर ताटकळतात, आणि १९६० च्या दशकातल्या सहा सिलिंडरांकडे परत जायला वेळ लागत नाही.

आता पुन्हा म्हाळुंग्याकडे. अडीचशेच्या दोन गटांमागे गाडीतला फरक नव्हता, फरक होता सरावाचा. युरोप-अमेरिकेतला मुलगा लहान वयापासून पन्नास-पासष्ट सीसीच्या गाड्यांवर उड्या मारत मोठा होतो. इथल्या रायडरला पूर्ण आकाराचा सुपरक्रॉस ट्रॅकच क्वचित मिळतो. शर्यतीचा गट धावणाऱ्यावरून पाडणं आपल्याकडे नवं नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या बैलगाडी शर्यतींत आदत, दुसा, चौसा हे गट बैलांच्या दातांवरून, म्हणजे वयावरून ठरतात, गाडीवरून नव्हे. जागतिक एमएक्स२ मध्येही २३ वर्षांवरच्या रायडरला जागा नसते. तेव्हा मिश्र गट म्हणजे कमकुवतांना दिलेली सूट, ही टीका मला पटत नाही. त्याला एका नियमाची जोड मात्र हवी: मिश्र गटात जिंकणाऱ्याला पुढच्या मोसमात आंतरराष्ट्रीय गटात उतरावंच लागेल. ती सक्ती नसली तर गट कोंडवाडा होतो, चांगला रायडर तिथेच जिंकत राहतो आणि त्याच्या मागचा अडकतो.

राहिला प्रश्न गाडीचा, आणि माझ्या दृष्टीने तो जास्त अवघड आहे. अडीचशेची खरी मोटोक्रॉस गाडी आपल्याकडे सात-आठ लाखांच्या घरात जाते. रस्त्यावर ती चालवता येत नाही, सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात. देशी बनावटीच्या २६० सीसीपर्यंतच्या गाड्यांचे वर्ग राष्ट्रीय शर्यतींत आहेत. पण हीरो एक्सपल्स २०० सारखी दीड-पावणेदोन लाखांची गाडी भरते दीडशे किलोंच्या वर आणि ताकद देते १९ बीएचपीच्या आसपास. मोटोक्रॉसची अडीचशे सुमारे १०५ किलोंची, ताकद चाळिशीच्या पुढे. या दोहोंमध्ये पायरीच नाही. देशी गाडीवर राष्ट्रीय विजेता झालेला मुलगा वरच्या वर्गात जातो तेव्हा त्याला गाडी चालवायला जवळपास नव्याने शिकावं लागतं, तेही पाचपट पैसे मोजून. ट्रायम्फने २०२४ मध्ये स्वतःच्या २५० सीसी मोटोक्रॉस गाडीसह एमएक्स२ मध्ये प्रवेश केला. केटीएम आणि कावासाकी त्या वर्गात आधीपासून मुरलेल्या आहेत. या तिघींचीही रस्त्यावरच्या गाड्यांसाठीची भारतातली कामं चाकणला चालतात, म्हाळुंग्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर. त्यांच्यापैकी एकीने अडीचशेची साधी, कमी फेऱ्यांची, इथेच जुळवलेली मातीची गाडी तीन-चार लाखांत आणली आणि राष्ट्रीय शर्यती भरवणाऱ्या संघटनेने तिच्यापुरता एक गट उघडला, तर १९७१ मध्ये यामाहाच्या विकाऊ गाडीने जे केलं ते इथे पुन्हा घडू शकतं.