डब्यावरचे २० ग्रॅम कुणाचे?

क्रिएटिनचा डबा हातात घेऊन मागची बाजू वाचा. बहुतेक डब्यांवर सूचना एकसारखीच असते: पहिले पाच-सहा दिवस रोज २० ग्रॅम, मग रोज ३ ते ५ ग्रॅम. आता समजा, तुम्हाला कर्जत तालुक्यात, कडावच्या आसपास फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर पीएचडी करायची आहे आणि प्रस्तावात तुम्ही हाच आकडा उतरवलात. मुलाखतीत पहिला प्रश्न येणार: हा आकडा आला कुठून? “सगळेच वापरतात” हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणून जरा मागे जाऊ.

१८३२ साली शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला मांसाच्या अर्कात हा पदार्थ सापडला. ग्रीक भाषेत मांसाला ‘क्रेआस’ म्हणतात, त्यावरून नाव पडलं क्रिएटिन. १८४७ मध्ये जर्मनीच्या लीबिगने सांगितलं की शिकारीत पळून पळून मेलेल्या रानातल्या कोल्ह्यांच्या मांसात पाळलेल्या कोल्ह्यांपेक्षा दहापट क्रिएटिन असतं. त्याने अर्थ लावला की स्नायूंनी काम केलं की क्रिएटिन साठतं. पण थांबा. पिंजऱ्यातला कोल्हा फक्त कमी पळत नव्हता, त्याचं खाणंही वेगळं असणार. मग फरक पळण्याचा की खाण्याचा? हा कोल्हा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९२७ साली हार्वर्डमध्ये फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं. (जीवरसायनशास्त्रवाल्यांनो, प्रॅक्टिकलला फॉस्फरस मोजताना निळा रंग आणता ना, ती पद्धत याच जोडीची, १९२५ची.) जोरात धाव घेताना पहिल्या काही सेकंदांत एटीपी संपत येतं, ते झटपट भरून देण्याचं काम फॉस्फोक्रिएटिन करतं. फुटबॉलमध्ये सारखं थांबायचं आणि सुसाट सुटायचं असतं, त्यामुळे तिथे याचा उपयोग होईल ही अटकळ अगदीच स्वाभाविक.

मग १९९२ साल. हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन यांनी १७ जणांना ५ ग्रॅमचा डोस दिवसातून चार ते सहा वेळा दिला, मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून मोजला आणि दाखवलं की साठा वाढतो. ज्यांचा मूळ साठा कमी, त्यांचा सगळ्यात जास्त. डब्यावरचा पूर्ण हिशोब मात्र हल्टमनच्या १९९६च्या निबंधाकडे जातो. सहा दिवस २० ग्रॅम, मग रोज २ ग्रॅम घेतले तरी साठा टिकतो. आणि घाई नसेल तर २८ दिवस रोज फक्त ३ ग्रॅम घेऊनही साठा तेवढाच होतो. दुसरा भाग डब्यावर सहसा छापत नाहीत, कारण उघड आहे. या अभ्यासात ३१ जण होते आणि सगळे पुरुष. लपवाछपवी काहीच नाही, निबंधाच्या शीर्षकातच ‘पुरुषांमधील’ असं लिहिलंय. पुढे आकडा उतरवून घेणाऱ्यांनी तो शब्द गाळला.

स्त्रिया का नव्हत्या? फुटबॉलपुरतं बोलायचं तर इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या संलग्न क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती जवळपास ५० वर्षं. फिफाचा पहिला महिला विश्वचषक झाला १९९१ साली. खेळाडूच दिसत नव्हत्या, तर प्रयोगशाळेत कुठून येणार?

२००० साली अमेरिकेतल्या १४ कॉलेज खेळाडूंवर १३ आठवड्यांचा अभ्यास झाला. क्रिएटिन घेणाऱ्यांची ताकद जास्त वाढली. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉक्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, तो मूळातून वाचाच. १२ अव्वल खेळाडू, अर्ध्यांना क्रिएटिन, अर्ध्यांना नकली पावडर, आणि सामन्यासारखी चाचणी: २० मीटरच्या ५५ धावा, मधेमधे वळणांच्या धावा आणि चेंडू मारणं. क्रिएटिनवाल्यांची वेळ ५५पैकी ९ धावांत सुधारली. वजन पाऊण किलोच्या आसपास वाढलं. नेम होता तसाच. आता ९ म्हणजे खूप की कमी? पाच टक्क्यांची मर्यादा धरली तर ५५ चाचण्यांत दोन-तीन धावा नुसत्या योगायोगानेही ‘सुधारतात’. ९ त्याहून जास्त आहेत हे खरं, पण एका गटात सहाच मुली आहेत. मला विचाराल तर हा आशादायक पुरावा आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. २०१६ मध्ये ३० खेळाडूंवरच्या अभ्यासात उडी आणि पुन्हापुन्हा धावणं सुधारलं, दमसास नाही. चित्र थोडं स्पष्ट झालं, एवढंच.

आता कडावला परत येऊ. क्रिएटिन मिळतं मांस-मासळीतून, भात-आमटीत ते जवळजवळ नसतंच. शाकाहारी लोकांच्या स्नायूत मुळात साठा कमी असतो आणि पावडर दिल्यावर तो जास्त वाढतो, हे २००३च्या एका कॅनडियन अभ्यासात दिसलंय. तुमच्या गटात एक मुलगी माळकरी घरातली, दुसरीकडे रोज सुकट किंवा बोंबील. दोघींना चिठ्ठ्या टाकून एकाच गटात घातलंत तर लीबिगचा कोल्हा परत आलाच म्हणून समजा. आधी आहाराची नोंद, मग आहारानुसार विभागणी, आणि त्यानंतर चिठ्ठ्या.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. धावताना मुलगी लवकर दमते ती हिमोग्लोबिनमुळे की आणखी कशामुळे, हे न तपासता पावडर देणं मला पटत नाही. ती तपासणी प्रस्तावाच्या खर्चात पहिल्या ओळीत धरा. मुली १८ च्या आतल्या असतील तर पालकांची संमती, मुलीचा स्वतःचा होकार आणि नैतिकता समितीची मंजुरी, तिन्ही लागतील. तिथे पावडरीपेक्षा फक्त निरीक्षणाचा अभ्यास मांडणं शहाणपणाचं.

आणि वेळापत्रक आखताना पंचांग जवळ ठेवा. क्रिएटिन बंद केल्यावर वाढलेला साठा मूळ पातळीवर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि श्रावण असतो चार आठवड्यांचा. पहिलं मोजमाप आषाढात आणि दुसरं गणपतीच्या आधी घेतलंत, तर मासळी खाणाऱ्या निम्म्या मुलींचा आहार तुमच्या प्रयोगाच्या मधोमध बदललेला असेल.