अनुकूलित शीडनौकानयन

अपंगत्व असलेल्या व्यक्तीला शिडाची होडी स्वतः हाकता यावी, म्हणून होडीची रचना, बसण्याची जागा आणि धक्का यांत बदल करून केले जाणारे नौकानयन. यात दिव्यांग व्यक्ती उतारू नसते. सुकाणू तिच्या हाती असते. हात चालत नसतील तर ओठांत.

हे अक्षरशः खरे आहे. ब्रिटनच्या हिलरी लिस्टर (1972–2018) यांचे शरीर मानेखाली लुळे पडले होते. तोंडाजवळ बसवलेल्या नळ्यांतून त्या हवा ओढत किंवा फुंकत. दाबातला तो फरक विजेच्या मोटारींना कळे, मग सुकाणू वळे, शिडाचे दोर ताणले जात वा सैल सुटत. अशाच नळ्यांच्या बळावर त्यांनी 2005 मध्ये एकटीने इंग्लिश खाडी ओलांडली आणि 2009 मध्ये ब्रिटनला फेरी घातली. मराठी वाचकाला जवळची सफर मात्र 2014 ची. ओमानच्या नश्वा अल किंदी यांच्यासोबत त्या मुंबईहून निघाल्या आणि अरबी समुद्र पार करून मस्कतला पोचल्या. अंतर सुमारे 850 सागरी मैल, म्हणजे दीड हजार किलोमीटरहून अधिक. कोकणच्या किनाऱ्यावरून आखाताकडे शतकानुशतके शिडाची गलबते गेली, त्याच समुद्रावर श्वासाने होडी चालवली गेली. ही सफर मुंबईच्या सागरी इतिहासात ठळक नोंदवली जावी, इतक्या मोलाची आहे.

साध्या छोट्या होडीत वारा बदलला की खलाशाला झटकन या काठावरून त्या काठावर जावे लागते, फिरत्या आडव्या दांड्याखाली वाकावे लागते, तोल राखायला बाहेर झुकावे लागते. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला हे जमत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस मिचेल यांनी विकसित केलेल्या, आज हान्सा नावाने ओळखल्या जाणाऱ्या होड्यांत या अडचणीवर मुळातच उपाय आहे. खलाशी खोलगट आसनात समोर तोंड करून बसतो आणि जागा सोडत नाही. तळाखालचे वजनदार पाते होडीला उलटू देत नाही. सुकाणू एका दांडीने फिरते. वारा वाढला तर शीड डोलकाठीभोवती गुंडाळून लहान करता येते. ज्यांच्या हातांत जोर नाही त्यांच्यासाठी हीच कामे विजेवर चालवता येतात.

पॅरालिंपिकमध्ये हा खेळ 1996 साली अटलांटा येथे प्रात्यक्षिकापुरता आला आणि 2000 ते 2016 पदकांसाठी खेळला गेला. तिघांनी चालवायच्या ‘सोनार’ या प्रकारच्या होडीची गुणपद्धती विशेष सुंदर होती. प्रत्येकाला क्षमतेनुसार 1 ते 7 गुण दिले जात आणि तिघांची बेरीज 14 च्या वर जाऊन चालत नसे. त्यामुळे तीव्र अपंगत्व असलेला खलाशी संघाला हवासाच वाटे. पुरेशा देशांत प्रसार नाही या कारणाने टोकियोपासून हा खेळ वगळला गेला. तरी खलाशी थांबले नाहीत. जन्मतः डावा पंजा नसलेले फ्रान्सचे दामियाँ सेगाँ दोन पॅरालिंपिक सुवर्णपदकांनंतर व्हांदे ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत उतरले आणि 2021 मध्ये सातवे आले.

भारतात पाणी आणि अपंगत्व म्हटले की आधी मुरलीकांत पेटकर आठवतात. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे हे सैनिक 1965 च्या युद्धात जायबंदी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिले. नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांचे उदाहरण वेगळ्या जातीचे. 2018 च्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणा शर्यतीत, गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ या नौकेवर, हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या मणक्यांना जबर इजा झाली. पाठीत टायटॅनियम बसवून ते त्याच शर्यतीच्या पुढच्या आवृत्तीत पुन्हा उतरले आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले.

मुंबई बंदराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर अडचण समुद्रापेक्षा काठाची जास्त. पेण तालुक्याजवळची खाडी धरमतरची. धरमतर ते गेटवे हा पोहणाऱ्यांचा नावाजलेला मार्ग. पण उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते आणि ओहोटीला उरतो चिखल व शेवाळलेल्या पायऱ्या. व्हीलचेअर तिथेच अडते. पावसाळ्यात तर लहान होड्या बंदच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खेळाच्या सुविधा सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. त्या सुविधांत धक्काही धरायला हवा. मार्च 2020 मध्ये सुरू झालेल्या भाऊचा धक्का–मांडवा रो-रो सेवेत मोटारी चाकांवरच बोटीत चढतात. शिडाच्या होडीसाठी त्याहून लहान सोय पुरते: भरतीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का, आणि माणसाला खुर्चीतून उचलून आसनात ठेवणारी हाताने फिरवायची एक यारी.