किल्ल्यावरून खाडी, उपग्रहावरून खाडी

घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला तो खाडीवर नजर ठेवायला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांनी. पुढे जमीन मोजायला माणसं साखळी घेऊन उतरली. १९७२ पासून लँडसॅट उपग्रह वरून चित्रं घेतायत.

तिवरांची पानं डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परत फेकतात. पाणी, माती तेवढे फेकत नाहीत. संगणकाला कांदळवन ओळखायला याची मदत होते.

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनांचे उपग्रह नकाशे करायला लावले. २०१८ च्या निकालात तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. म्हणजे नकाशावर काय उमटतं, त्यावर जमिनीचं ठरतं.

पण आजच्या लँडसॅटचा एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा, साधारण नऊ गुंठे. त्यातल्या दोन गुंठ्यांवर डेब्रिज पडलं तरी ठिपका हिरवाच राहू शकतो. २०१५ मध्ये आलेल्या सेंटिनेल-२ चा ठिपका जेमतेम एका गुंठ्याचा.

म्हणून भराव दिसला की तारीख, जागेसकट फोटो काढा, तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, पोच जपून ठेवा. ‘इथे तिवरं होती’ हे उद्या दाखवायला तोच कागद लागेल.