परदेशी जोडीदाराशी विवाह : नोंदणी कुठे, कशी आणि कशासाठी?

शहापूर / मुरबाड, प्रतिनिधी

दारात मांडव पडला, हळद लागली, गावजेवण झाले आणि देवदर्शन आटोपले की आपल्याकडे लग्न पूर्ण झाले, असे मानण्याची रीत आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावपाड्यांवर तर कागदाची आठवण बहुधा रेशन कार्डात नाव घालण्याची वेळ आल्यावरच होते. जोडीदार दुसऱ्या देशाचा नागरिक असेल, तर मात्र ही दिरंगाई महागात पडते. एकाच लग्नाला दोन देशांची मान्यता मिळवावी लागते. एका देशाच्या दप्तरी नवरा-बायको आणि दुसऱ्या देशाच्या दप्तरी दोघेही अविवाहित, असा चमत्कारिक प्रसंग केवळ नोंदणीअभावी ओढवू शकतो. त्याचा फटका व्हिसा, वारसाहक्क आणि पुढे मुलांचे नागरिकत्व यांना बसतो.

ग्रामीण महाराष्ट्राला असे विवाह अगदीच अपरिचित नाहीत. अमेरिकेत जन्मलेल्या विदुषी गेल ऑम्वेट यांनी १९७६ साली डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला. सांगली जिल्ह्यातील कासेगाव हेच त्यांचे घर झाले. १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले. विवाह आणि नागरिकत्व यांमधील सात वर्षे लक्षात घेतली, तर परदेशी जोडीदाराच्या बाबतीत कागदपत्रांचा प्रवास किती लांबचा असतो, याची कल्पना येते.

कोणत्या कायद्याखाली विवाह करावा?

पहिला प्रश्न हाच असतो आणि घोळही बहुतेक वेळा येथेच होतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा वधू आणि वर दोघेही हिंदू (या कायद्याच्या अर्थाने बौद्ध, जैन व शीखही) असतील तरच लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली गुल्लीपिल्ली सोवरिया राज प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे मॉरिशसमधील एखाद्या मराठी हिंदू कुटुंबातील मुलीशी विवाह होत असेल, तर हा मार्ग खुला आहे. मात्र ख्रिस्ती युवतीशी मांडवात सप्तपदी केली आणि भटजींची सही घेतली, म्हणून तो विवाह या कायद्याखाली वैध ठरत नाही.

या दोन तालुक्यांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. येथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २ (२) नुसार केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांचे विवाह रूढीनुसार होतात. जातीत, गावात ही रूढी सर्वांना ठाऊक असते. पण परदेशी दूतावासातील अधिकाऱ्याला ती पटवून देणे जिकिरीचे असते.

या सर्व अडचणींवर उत्तर म्हणजे विशेष विवाह अधिनियम, १९५४. त्यात जात, धर्म, राष्ट्रीयत्व यांचा अडसर नाही. १८७२ च्या जुन्या कायद्यात विवाहेच्छूंना प्रचलित धर्म आपण मानत नसल्याचे जाहीर करावे लागत असे. १९५४ च्या कायद्यात ती अट राहिली नाही. या कायद्याखालील प्रमाणपत्र हा विवाहाचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणूनच परदेशी जोडीदार असल्यास हाच मार्ग सर्वांत सुरक्षित समजला जातो.

नोटीस, तीस दिवस आणि तीन महिने

विशेष विवाह कायद्याखालील नोटीस ज्या जिल्ह्यात दोघांपैकी किमान एकाचे सलग तीस दिवस वास्तव्य आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. राज्यात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे असून शहापूर-मुरबाडकरांसाठी जिल्हा ठाणे आहे. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा झाला असला, तरी हे दोन्ही तालुके ठाण्यातच राहिले. शहापूरकरांना आसनगावहून लोकलने ठाणे गाठता येते. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याणला यावे लागते.

मुदतींचा हिशेब नीट समजून घ्यावा. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवस आक्षेपांसाठी असतात. आक्षेप आलाच, तर विवाह अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. आक्षेप नसेल तर त्यानंतर विवाह लावता येतो. मात्र नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती रद्दबातल होते आणि नव्याने नोटीस द्यावी लागते. समजा, १ जानेवारीला नोटीस देऊन ती त्याच दिवशी प्रसिद्ध झाली, तर फेब्रुवारीचा आरंभ ते मार्चअखेर हाच विवाहाचा काळ. परदेशी जोडीदाराचा व्हिसा या काळात संपणार नाही, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे. तीस दिवसांच्या पर्यटन व्हिसावर हे गणित जुळणे अवघड आहे आणि ई-व्हिसा सर्वसाधारणपणे वाढवूनही मिळत नाही.

विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. वराचे वय २१ आणि वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे लागते. वधू-वरांनी परस्परांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे वचन त्यांना समजेल अशा कोणत्याही भाषेत उच्चारता येते. त्यामुळे ते मराठीत म्हणण्यास कायद्याची आडकाठी नाही. फक्त समोरच्या व्यक्तीला मराठी कळली पाहिजे.

लग्न आधीच झाले असेल तर?

गावी रूढीने किंवा धार्मिक पद्धतीने लग्न लागले आणि नंतर कागदाची निकड भासली, तरी वाट बंद होत नाही. विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली अशा विवाहाची नोंदणी करता येते. येथे मात्र अर्जापूर्वी तीस दिवस दोघांचेही जिल्ह्यात वास्तव्य असावे लागते. जाहीर नोटिशीचे तीस दिवस येथेही आहेत.

याशिवाय महाराष्ट्रातील १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली विवाहानंतर ९० दिवसांत नोंदणीचा अर्ज द्यावयाचा असतो. गावांत हे काम ग्रामपंचायतीत होते. ही नोंद अवश्य करावी; तिचा उपयोग पुराव्यासाठी होतो. मात्र जो विवाह मुळातच वैध नाही, तो केवळ नोंदणीच्या शिक्क्याने वैध होत नाही, हे विसरू नये. सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात फेब्रुवारी २००६ मध्ये दिला होता.

दूतावासाची पायरी : आधी आणि नंतर

परदेशी जोडीदाराच्या दूतावासाशी संबंध दोनदा येतो. पहिल्यांदा विवाहापूर्वी. ही व्यक्ती अविवाहित आहे व तिच्या देशाच्या कायद्यानुसार विवाहास पात्र आहे, असा दाखला विवाह अधिकारी सामान्यतः मागतात. तो आणण्यास काही आठवडे लागू शकतात. म्हणून नोटिशीच्या आधीच त्याची सोय करावी. अमेरिका, ब्रिटन, जपान, जर्मनी, फ्रान्स यांच्या कचेऱ्या मुंबईतच आहेत. नेपाळ, फिलिपिन्स यांसारख्या देशांसाठी दिल्लीतील राजदूतावासाशी संपर्क साधावा लागतो.

विवाहानंतरची पायरी देशागणिक बदलते :

जपान : जपानी नागरिकाने परदेशात विवाह केल्यास तीन महिन्यांच्या आत वाणिज्य दूतावासाला किंवा आपल्या मूळ गावच्या नगरपालिकेला कळवावे लागते. त्यानंतर कुटुंब-नोंदवहीत, म्हणजे 'कोसेकी'त, विवाहाची नोंद होते. भारतीय जोडीदाराची स्वतंत्र कोसेकी निघत नाही. जपानी व्यक्तीच्या नोंदीत त्याचा उल्लेख येतो.

फ्रान्स : विवाहापूर्वीच दूतावासाकडून विवाहक्षमतेचा दाखला घ्यावा लागतो. विवाहानंतर प्रमाणपत्राची फ्रेंच दप्तरात नोंद करून घ्यावी लागते. ती झाल्याखेरीज फ्रान्समध्ये त्रयस्थांच्या संदर्भात त्या विवाहाचा आधार घेता येत नाही.

फिलिपिन्स : 'विवाहाचा अहवाल' दूतावासाकडे सादर करावा लागतो. तेथून तो त्या देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाकडे जातो.

अमेरिका : अमेरिकेचे दूतावास नागरिकांच्या विवाहांची नोंदणी करीतच नाहीत. जेथे विवाह झाला तेथील कायदेशीर प्रमाणपत्र पुरेसे असते. जोडीदाराला नेण्यासाठी आय-१३० हा अर्ज करावा लागतो. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर निवासाचा परवाना सुरुवातीला सशर्त मिळतो.

ब्रिटन : येथेही परदेशातील विवाहाची नोंदणी बंधनकारक नाही. परदेशी विवाह प्रमाणपत्र ब्रिटनच्या दप्तरी जमा करण्याची जुनी सोय २०१४ च्या आरंभी बंद झाली. त्यामुळे मूळ भारतीय प्रमाणपत्र जपून ठेवणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

अपोस्टिल म्हणजे काय?

ठाण्यात मिळालेले प्रमाणपत्र परदेशी अधिकाऱ्याने खरे मानावे, यासाठी त्यावर प्रमाणीकरण लागते. १९६१ च्या हेग कराराचा भारत सदस्य असून हा करार भारतासाठी १४ जुलै २००५ पासून लागू झाला. सदस्य देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टिल' हा एकच शिक्का पुरतो. त्याआधी मंत्रालयात राज्य शासनाकडून कागद प्रमाणित करून घ्यावा लागतो. जे देश या करारात नाहीत, त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. संयुक्त अरब अमिराती हे त्याचे उदाहरण. भारत करारात सहभागी झाला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला होता; म्हणून जर्मन जोडीदार असल्यास कागद कसे पडताळले जातील, हे त्या दूतावासातच आधी विचारून घ्यावे. मराठीतील दाखल्यांचे भाषांतर लागते, तेही दूतावासाला मान्य असलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे.

जन्मदाखल्याचा अडथळा

शिक्के मिळवता येतात. गावाकडे खरी अडचण मुळातल्या कागदाची असते. दुर्गम पाड्यावर घरी झालेल्या जन्माची नोंद अनेकदा झालेलीच नसते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली, आधार कार्डावर वेगळीच, आणि आडनाव कुठे आधी तर कुठे शेवटी, असा प्रकार सर्रास आढळतो. आपल्याला त्यात वावगे वाटत नाही. परदेशी अधिकाऱ्याला मात्र या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात.

जन्मनोंद नसल्यास आधी ग्रामपंचायतीतून ती उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा. जन्माला एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने उशिरा नोंद करता येते. सर्व कागदांवरील नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळवून घेण्याचे काम विवाहाच्या नोटिशीपूर्वीच उरकावे. प्रमाणपत्र तयार झाल्यावर त्यात दुरुस्ती करणे कितीतरी त्रासाचे असते.

विवाह परदेशात झाला तर

आखातात, युरोपात किंवा अन्यत्र नोकरीला गेलेल्या तरुणाने तिथेच विवाह केला, तर परदेशी विवाह अधिनियम, १९६९ लागू पडतो. दोघांपैकी किमान एक भारतीय नागरिक असेल, तर तेथील भारतीय दूतावासातील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करता येतो. स्थानिक कायद्याने झालेल्या विवाहाची नोंद कलम १७ खाली दूतावासात करता येते. अशी नोंद केली नाही म्हणून विवाह रद्द ठरत नाही. मात्र भारतात परतल्यावर तो सिद्ध करण्याचे ओझे हलके होते.

नोंदणीने काय साधते?

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला 'ओसीआय' कार्डासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी विवाह नोंदलेला असावा आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा, अशी अट आहे. पाकिस्तान व बांगलादेशच्या नागरिकांना ही सोय नाही. न्यायालयातून घटस्फोट झाल्यास कार्ड रद्द होऊ शकते. नागरिकत्वासाठी सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. भारताचे नागरिकत्व घेताना मूळ देशाचे सोडावे लागते.

शेतीच्या बाबतीत मात्र गैरसमज नसावा. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ ची बंधने आहेत. आदिवासी व्यक्तीशी विवाह केल्याने जोडीदार अनुसूचित जमातीचा होत नाही. परदेशी सुनेच्या किंवा जावयाच्या नावावर सातबारा करून देण्याचे आश्वासन कुणी देत असेल, तर ते तपासून पाहावे.

नोंदणीचा सर्वांत मोठा आधार मिळतो तो संसार मोडल्यावर. परदेशस्थ पतीने वाऱ्यावर सोडलेल्या विवाहितांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले; परंतु त्याचा कायदा झाला नाही. पोटगी असो, मुलाचा ताबा असो वा परदेशातील मालमत्तेतील वाटा, न्यायालयात पहिला प्रश्न विवाहाच्या पुराव्याचाच येतो. मांडवातले फोटो आणि लग्नपत्रिका तेथे थोड्याफार उपयोगी पडतात. प्रमाणपत्राची सर मात्र त्यांना येत नाही.

म्हणून मुहूर्त काढण्यापूर्वी एक फेरी दूतावासाची आणि एक फेरी ठाण्याची करावी. दोन्हीकडून लागणाऱ्या कागदांची यादी लेखी घ्यावी आणि मगच पत्रिका छापायला द्याव्यात. प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक मुलीच्या माहेरी ठेवावी, हे सांगण्यास विसरू नये.